आधी पाणी किती, ते मोजा

सीईटीला दिवस कमी आणि चॅप्टर जास्त? पुण्यात शिकलेल्या एका इंजिनीअरने आयुष्यभर हेच गणित सोडवलं.

दिवाळी सरली की मसुऱ्यात दोन तारखांची वाट बघितली जाते. एक आंगणेवाडीच्या जत्रेची, दुसरी बारावीच्या परीक्षेची. जत्रेची तारीख देवीच्या कौलाने ठरते, परीक्षेची बोर्डाच्या वेळापत्रकाने. बरेचदा दोन्ही एकमेकींच्या अंगावर येतात. जत्रेला मुंबईहून चाकरमानी येतात आणि घरात पाय टाकताच प्रत्येक काका-मामा एकच प्रश्न विचारतो, अभ्यास खंयपर्यंत इलो? आपण मान हलवतो. आतून मात्र माहीत असतं की फिजिक्सची सहा प्रकरणं कोरी आहेत, इंटिग्रेशन अर्धं झालंय आणि अकरावीचं पुस्तक शेवटचं कधी उघडलं तेही आठवत नाही.

मग एका रात्री वही घेऊन आपण टाइमटेबल करतो. पहाटे पाचला उठायचं, रोज तीन चॅप्टर, रविवारी टेस्ट. तिसऱ्या दिवशी ते टाइमटेबल कोलमडतं. का? कारण आपण काय करायचं ते लिहिलं, पण हाताशी किती आहे ते मोजलंच नाही.

मसुऱ्याच्या पोरांना हे खरं तर समोरच्या भरतगडाकडे बघून कळायला हवं. या टेकडीबद्दल असं सांगतात की शिवाजी महाराजांनी ती पाहिली होती, पण पाणी पुरेसं नाही म्हणून तिथे किल्ला बांधला नाही. पुढे सावंतांच्या काळात खडकात खोल विहीर खणली, पाणी लागलं, आणि मगच किल्ला उभा राहिला. तट, बुरूज, दरवाजा सगळं नंतर. पाणी आधी.

आज ज्यांची गोष्ट सांगायची आहे, त्यांनी जवळजवळ शंभर वर्षांच्या आयुष्यात हाच नियम पाळला. त्यांच्या वाढदिवशी, म्हणजे 15 सप्टेंबरला, आपण अभियंता दिन साजरा करतो. त्यांचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. रेल्वेत बसून रुळाचा आवाज ओळखणारे, सरकारी आणि खासगी मेणबत्ती वेगळी ठेवणारे अशा त्यांच्या गोष्टी व्हॉट्सॲपवर फिरत असतात. त्या आज बाजूला ठेवू. त्यांनी प्रत्यक्षात काय केलं ते बघू, कारण त्यातलं बरंच काम आपल्याच राज्यात झालंय.

मुद्देनहळ्ळी ते पुणे

विश्वेश्वरय्यांचा जन्म 1861 चा, म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी या लहानशा गावातला. वडील संस्कृतचे जाणकार, घरात विद्या होती, पैसा नव्हता. मुलगा कुमारवयात असतानाच वडील गेले. शिक्षणासाठी तो बंगळूरला आला, दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन स्वतःचा खर्च भागवू लागला. म्हणजे स्वतःच्या अभ्यासाला उरलेला वेळच मिळायचा. अशा परिस्थितीत 1881 मध्ये सेंट्रल कॉलेजातून तो बी. ए. झाला.

पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंजिनीअरिंगला आला. हेच कॉलेज आपण सीओईपी म्हणून ओळखतो. सीईटीचा निकाल लागला की पहिल्या पसंतीला ज्याचं नाव टाकायची हजारो मुलांची इच्छा असते, तेच. 1854 मध्ये सुरू झालेली ही संस्था तेव्हा मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती.

त्या काळी इंजिनीअरिंगच्या परीक्षेत नुसतं पास होऊन भागत नसे. सरकारी बांधकाम खात्यातल्या जागा मोजक्या, आणि त्या वरच्या नंबरांना मिळायच्या. परक्या प्रांतातून शिष्यवृत्तीवर आलेल्या, मागे घरचा आधार नसलेल्या मुलासाठी त्या परीक्षेवर सगळं अवलंबून होतं. 1883 मध्ये विश्वेश्वरय्या पहिले आले, त्यांना जेम्स बर्कली पारितोषिक मिळालं. 1884 मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात ते असिस्टंट इंजिनीअर म्हणून रुजू झाले. वय तेवीसच्या आत.

पांझरेची वाळू

पहिली नेमणूक नाशिकला आणि मग खानदेशात. धुळे भागात पांझरा नदीच्या खोऱ्यात पाटाचं पाणी नदीपात्राच्या पलीकडे न्यायचं होतं. त्यासाठी पात्राखालून पाइपचा सायफन टाकायचा. काम हाती आलं आणि पावसाळा तोंडावर. खणलेला चर पुराने वाळूने भरून जायचा. काम पावसाळ्यानंतर करावं, असं नव्या इंजिनीअरला वाटलं. वरिष्ठांना ते आवडलं नाही. शेवटी विश्वेश्वरय्यांनी त्याच मोसमात, काही आठवड्यांत सायफन पूर्ण करून दाखवला.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांना कळलं की कामाला योग्य वेळ क्वचितच मिळते. जी वेळ मिळाली आहे तिच्यात काय बसतं, हे बघावं लागतं. आपणही नाही का म्हणत, की प्रॅक्टिकल संपू देत, जर्नल होऊ देत, जत्रा होऊ दे, मग सुरू करतो? ती मोकळी, कोरडी नदी कधी येतच नाही.

याच पांझरेच्या काठी आणखी एक गोष्ट होती, फड पद्धत. धुळे-नाशिक भागातल्या शेतकऱ्यांनी कित्येक पिढ्यांपासून चालवलेली. बंधाऱ्याखालची जमीन काही फडांत वाटलेली. कोणत्या फडात यंदा जास्त पाण्याचं पीक आणि कोणत्या फडात कमी पाण्याचं, हे गावाने मिळून ठरवायचं आणि दरवर्षी आळीपाळीने बदलायचं. पाणी कोणाच्या मर्जीने नाही, पाळीने. हे सगळं या तरुण इंजिनीअरच्या कामाच्या टापूतच चाललं होतं.

पैसे नाहीत, मग शहाणपण वापरा

1894-95 मध्ये त्यांना सिंधमधल्या सक्करला पाठवलं. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. शहराला नळाचं पाणी द्यायचं होतं. सिंधू नदी शेजारीच, पण पाणी गढूळ. ते गाळण्यासाठी मोठमोठे फिल्टर बांधायचे तर नगरपालिकेकडे तेवढे पैसे नव्हते. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूतून झिरपत येणारं पाणी आपोआप गाळून येऊ लागलं, आणि ते पंपाने वर चढवून शहराला दिलं.

लोकांना स्वच्छ पाणी हवं होतं, भव्य फिल्टर नव्हे. साधन आणि उद्देश यांतला फरक त्यांना कळला होता. आपण मात्र एकाच चॅप्टरसाठी तीन क्लासच्या नोट्स, दोन चॅनलची लेक्चर्स आणि चार पुस्तकं गोळा करतो. त्यात आठवडा जातो आणि पाठ्यपुस्तकातली स्वाध्यायाची उदाहरणं तशीच राहतात.

ऊस सगळं पाणी पितो

आता येतो त्यांच्या आयुष्यातला तो भाग, जो प्रत्येक सीईटीवाल्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहावा.

1899 च्या सुमारास विश्वेश्वरय्या पुणे भागातल्या कालव्यांच्या कामावर आले. पाणी धरणात साठलेलं, कालवे खणलेले, तरी गणित जमत नव्हतं. कालव्याच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी ऊस लावायचा आणि हवं तेवढं पाणी घ्यायचं. खालच्या गावांना पाणी पोचेपर्यंत ते संपलेलं. वर जमिनी पाण्याने खराब होतायत, खाली पिकं वाळतायत, आणि सरकारला कालव्याचा खर्चही सुटत नाही. पाणी कमी होतं असं नाही, वाटणी चुकलेली होती.

त्यांनी ब्लॉक पद्धत मांडली. जमिनीचे ब्लॉक पाडायचे, पाण्याचा करार काही वर्षांसाठी करायचा. ब्लॉकच्या ठरावीक हिश्श्यातच ऊस, बाकीच्या जमिनीत कमी पाण्यावर येणारी पिकं, आणि दरवर्षी फेरपालट. त्यामुळे कालव्याचा फायदा जास्त गावांना मिळणार होता. साहजिकच सुरुवातीला विरोध झाला. ज्याच्या शेतात आजवर मुबलक पाणी येत होतं, त्याला मापाने पाणी घेणं कसं आवडेल? विश्वेश्वरय्यांनी लोकांना पटवून दिलं आणि पद्धत रुजवली. पुढे दख्खनच्या कालव्यांवर तिचा बराच बोलबाला झाला.

आता स्वतःकडे बघा. तुमचा ऊस कोणता? प्रत्येकाचा एक असतो. कोणाला ऑरगॅनिक केमिस्ट्री आवडते, तो रोज तेच काढून बसतो. कोणी मॅट्रिक्सची सोपी उदाहरणं पुन्हापुन्हा सोडवून खूश होतो. कोणी उलट, सगळ्यात अवघड रोटेशनल डायनॅमिक्स आधी संपवणारच म्हणून महिनाभर तिथेच रुततो. तिघेही अभ्यास करतायत, घरच्यांनाही दिसतंय. पण खालची गावं कोरडीच.

मग ब्लॉक कसे पाडायचे?

आधी परीक्षेचा नकाशा समजून घ्या. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटाला एकूण 200 गुण. फिजिक्सचे 50 प्रश्न आणि केमिस्ट्रीचे 50, प्रत्येकी एक गुण, दोन्ही मिळून 90 मिनिटं. मॅथ्सचेही 50 प्रश्न, पण प्रत्येकी दोन गुण, त्याला वेगळी 90 मिनिटं. म्हणजे अर्धे गुण एकट्या मॅथ्सचे. बारावीच्या अभ्यासक्रमाचा वाटा 80 टक्के, अकरावीचा 20 टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

या चार ओळींत तुमचा प्राधान्यक्रम लपलेला आहे.

पहिलं, मॅथ्सला रोज पाणी. एक दिवस फिजिक्स, एक दिवस केमिस्ट्री चालेल, पण ज्याचं वजन दुप्पट ते रोज. मॅथ्सच्या एका प्रश्नाला 1 मिनिट 48 सेकंद मिळतात, फिजिक्स-केमिस्ट्रीच्या प्रश्नाला सरासरी 54 सेकंदच. म्हणून मॅथ्सला सराव लागतो, आणि बाकी दोघांना झटकन आठवणं लागतं. दोघांचा अभ्यास एकाच पद्धतीने केला तर फसाल.

दुसरं, ज्या चॅप्टरवर दुसरे चॅप्टर उभे आहेत ते आधी. डेरिव्हेटिव्ह पक्कं नसेल तर त्याचं ॲप्लिकेशन, मग इंटिग्रेशन, डेफिनिट इंटिग्रल, डिफरन्शियल इक्वेशन ही सगळी रांग अडते. फिजिक्समध्ये ऑसिलेशन्स नीट समजलं की वेव्ह्ज आणि एसी सर्किट्स हलकी होतात. केमिस्ट्रीत मोल आणि कॉन्सन्ट्रेशनची आकडेमोड जमली की सोल्युशन्स, इलेक्ट्रोकेमिस्ट्री, कायनेटिक्स तिन्हीकडे उपयोग. हे वरच्या कालव्याचे दरवाजे आहेत, ते उघडले की खाली पाणी आपोआप जातं.

तिसरं, कमी पाण्याची पिकं ओळखा. मॅथ्समध्ये मॅथेमॅटिकल लॉजिक, लिनिअर प्रोग्रामिंग, बायनॉमियल डिस्ट्रिब्युशन, फिजिक्समध्ये सेमीकंडक्टर. आटोपशीर प्रकरणं, बहुतेकांना दोन-चार बैठकांत हाताखाली येणारी. थकलेल्या दिवशी ती घ्या. एखादा दिवस पूर्ण वाया जाण्यापेक्षा तिथे ज्वारी काढलेली बरी.

चौथं, काहीच पूर्ण कोरडं ठेवू नका. ऑप्शनला टाकण्याचा मोह होतो. पण इथे निगेटिव्ह मार्किंग नाही. मोठ्या चॅप्टरची फक्त सूत्रं आणि पाच नमुना उदाहरणं केली तरी एखादा प्रश्न हाती लागतो. जेईई मेनचं गणित वेगळं आहे. तिथे बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक गुण वजा, शिवाय अकरावीही पूर्ण. दोन्ही देणार असाल तर दोन्हींचे ब्लॉक वेगळे काढा, एकाचं मोजमाप दुसऱ्याला लावू नका.

न बांधलेलं धरण

पुण्यातच विश्वेश्वरय्यांनी आणखी एक काम केलं. खडकवासल्याचं धरण पावसाळ्यात भरून सांडायचं आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडायचं. धरणाची भिंत उंच करणं खर्चाचं. त्यांनी सांडव्यावर बसवायचे स्वयंचलित दरवाजे तयार केले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपोआप उघडायचे, पातळी उतरली की आपोआप मिटायचे. 1903 मध्ये ते बसले आणि भिंत न वाढवता सुमारे 8 फूट जास्त पाणी अडवता आलं. कोकणात हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे पाऊस धो-धो पडतो आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो. पडणारं पाणी नव्हे, अडवलेलं पाणी आपलं.

अभ्यासात हे दरवाजे म्हणजे रिव्हिजन आणि चुकांची वही. वाचलेलं सगळंच राहत नाही, सांडून जातं. दर टेस्टनंतर चुकलेला प्रश्न, तो का चुकला, एवढं एका ओळीत लिहा. सूत्र आठवलं नाही, आकडेमोड चुकली, की प्रश्नच नीट वाचला नाही? महिन्याभराने ती वही उघडली की पुढच्या आठवड्याचं पाणी कुठे सोडायचं ते तीच सांगते. क्लासच्या वेळापत्रकापेक्षा जास्त खरं सांगते, कारण ती फक्त तुमच्याबद्दल असते.

पूर्ण उंचीचा पाया

1908 मध्ये विश्वेश्वरय्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. अनेकांना मागे टाकून ते वर चढले होते, पण सर्वोच्च पदापर्यंत भारतीय माणसाला जाऊ देत नसत. सत्तेचाळिशीच्या आसपास पेन्शनीवर बसले असते तरी कोणी काही म्हटलं नसतं. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला, शहर उद्ध्वस्त झालं. तिथल्या पूरनियंत्रणाची योजना त्यांनी आखून दिली. शहराच्या वरच्या बाजूला पाणी अडवणारे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय पुढे त्यातूनच झाले.

मग 1909 मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, 1912 ते 1918 दिवाण. कावेरीवरच्या कृष्णराजसागर धरणाचं काम 1911 मध्ये सुरू झालं. खालच्या मद्रास सरकारची हरकत असल्याने सुरुवातीला कमी उंचीच्या भिंतीचीच परवानगी होती. तरी पाया मात्र पूर्ण उंची डोळ्यांपुढे ठेवून घातला. पुढे परवानगी मिळाली तेव्हा भिंत वर नेता आली. पाया अपुरा असता तर सगळं उखडावं लागलं असतं.

तुमचा पाया म्हणजे अकरावी. सीईटीत तिचे थेट गुण 20 टक्के, म्हणजे 200 पैकी 40. सीईटी सेलने अकरावीची कोणती प्रकरणं घ्यायची त्याची यादी दिलेली असते, ती छापून भिंतीवर लावा. पण 40 गुणांपुरतीच अकरावी समजू नका. लिमिट्स आणि ट्रिगनोमेट्री कच्ची ठेवून बारावीचं कॅल्क्युलस करणं म्हणजे अर्ध्या पायावर पूर्ण भिंत. आणि कोणी सध्या अकरावीत असाल, दोन वर्षं आहेत म्हणून निवांत असाल, तर तुमचं काम आत्ता सुरू आहे.

दिवाण असताना 1916 मध्ये म्हैसूर विद्यापीठ आणि 1917 मध्ये बंगळूरला इंजिनीअरिंग कॉलेज उभं राहिलं. शिकवण्या घेऊन शिकलेल्या मुलाने पुढच्या मुलांची सोय केली. 1934 मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, त्यांनी देशाच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं. विषय तोच. साधनं मर्यादित, गरजा अनेक, मग आधी काय? 1955 मध्ये भारतरत्न मिळालं. एप्रिल 1962 मध्ये ते गेले, तेव्हा शंभरी पूर्ण झाली होती.

आज रात्री काय करायचं?

पहाटे पाचचं टाइमटेबल नको. एक कोरा कागद घ्या. वर लिहा, परीक्षेपर्यंत किती दिवस. त्यातून बोर्डाची परीक्षा, प्रॅक्टिकल, जत्रेचे दोन दिवस आणि आजारपणाचे चार वजा करा. जत्रा वजा करायला लाजू नका. मोजून वगळलेला दिवस वाया जात नाही, न मोजलेला जातो. उरलेल्या दिवसांना रोजच्या खऱ्या तासांनी गुणा, मनातल्या तासांनी नाही. कॉलेज, एसटीचा प्रवास, घरची कामं जाऊन जे उरतात ते खरे. दोन उरत असतील तर दोनच लिहा.

जो आकडा येईल तो तुमचा तलाव. बघून पोटात गोळा येईल, येऊ दे. तो आकडा माहीत नसताना केलेल्या नियोजनापेक्षा तो बरा. मग प्रत्येक चॅप्टरसमोर तीनच खुणा करा: येतं, अर्धं येतं, कोरं. अर्धं येतं वाले आधी घ्या, तिथे थोड्या पाण्यात पीक हाती लागतं. ज्यांच्यावर बाकीचे उभे आहेत असे कोरे चॅप्टर दुसरे. येतं वाल्यांना आठवड्यातून एक पाळी, सुकू नयेत एवढीच.

आणि जत्रेत काकांनी विचारलं की अभ्यास खंयपर्यंत इलो, तर मान हलवू नका. सरळ आकडा सांगा. इतके तास हातात आहेत, इतके चॅप्टर अर्धे, इतके कोरे, आणि उद्या सकाळी डेरिव्हेटिव्ह.